वाळू नांगरणारी गोगलगाय

शाळेत मत्स्यपेटी ठेवायचे ठरले की उत्साहाने काच, मासे, रंगीत खडे आणि हवेचा पंप आणला जातो. पहिले पंधरा दिवस वर्गात तिच्याभोवती गर्दी असते. मग पाणी हिरवे होते, तळाशी काळपट थर साचतो, वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि एखाद्या सोमवारी मासे मेलेले आढळतात. पेटी कपाटावर जाऊन बसते. दोष सहसा विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो. खरे तर त्या पेटीत मासे होते, पण त्यांना सांभाळणारी व्यवस्थाच नव्हती. तिथे प्राणवायू तयार करणारे कोणी नव्हते, कचरा खाणारे कोणी नव्हते आणि तळाची वाळू हलवणारेही कोणी नव्हते.

ही तिन्ही कामे करणारी मंडळी खानदेशच्या नद्यांत पूर्वीपासून राहत आहेत. पाण्याखाली वाढणारी वॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची वनस्पती आणि वाळूत घुसून राहणारी मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा ही लहानशी गोगलगाय यांची जोडी या लेखात पाहू. ती जोडी पाच लिटरच्या बरणीत कशी जमवायची आणि तिच्याबद्दल जे सांगितले जाते ते खरे की खोटे हे वर्गातच कसे तपासायचे, तेही पाहू.

वॉरिंग्टनची बरणी

वनस्पती आणि प्राणी एकमेकांची हवा सुधारतात, हे जोसेफ प्रीस्टले याने १७७१ मध्ये पुदिन्याच्या रोपावरून दाखवले होते. पाण्यात हा हिशेब कसा जुळतो, हे तपासले लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. सुमारे पन्नास लिटरच्या काचपात्रात त्याने वाळू, चिखल आणि दगड घातले, वॅलिस्नेरियाचे रोप लावले आणि दोन गोल्डफिश सोडले. काही दिवस सारे ठीक चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर शेवाळ धरले आणि पाणी गढूळ झाले.

मग वॉरिंग्टनने त्यात पाच-सहा पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले, पाणी पुन्हा स्वच्छ झाले आणि पाणी न बदलता पात्र टिकले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पती आणि मासा एवढ्या दोघांवर भागत नाही, तिसरा अपमार्जकही लागतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

वॉरिंग्टनच्या गोगलगाई लिम्निया जातीच्या होत्या. त्या काचेवर आणि पानांवर फिरतात, वाळूत शिरत नाहीत. त्यामुळे तळाखाली काय चालते हा प्रश्न तसाच राहिला. आपल्या गोगलगाईचे काम तिथूनच सुरू होते.

ओळख कशी पटवावी?

पाठ्यपुस्तकातील पायला ही गोगलगाय गोल, फुगीर आणि लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी असते. लिम्नियाचा शंख पातळ आणि टोकदार असतो, तर इंडोप्लॅनॉर्बिसचा चपट्या गुंडाळीसारखा. मेलानॉइडिसचा शंख मात्र लांबट, निमुळता आणि मळसूत्रासारखा फिरत गेलेला असतो. त्याची लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, रंग पिवळट-तपकिरी आणि त्यावर तांबूस ठिपके किंवा रेघा. शंखाच्या तोंडाशी शिंगासारख्या पदार्थाचे झाकण असते. हात लावताच गोगलगाय आत जाते आणि दार बंद करते.

दिवसा ती बहुधा वाळूत असते. अंधार पडला की वर येते आणि काचेवर, पानांवर फिरू लागते. तिच्या तोंडात किसणीसारखी दातेरी पट्टी असते. तिने ती शेवाळ, कुजलेला पाला आणि तळाचा गाळ खरवडून खाते. धडधाकट पाने ती सहसा खात नाही. पायलाचे तसे नाही, ती कोवळ्या पाणवनस्पतींचा फडशा पाडते. म्हणून ‘गोगलगाय झाडे खाते का?’ या प्रश्नाला ‘कोणती गोगलगाय?’ असे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येतात. पायलाला कल्लाही असतो आणि फुप्फुसासारखी पिशवीही. मेलानॉइडिसला फक्त कल्ला असतो, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच तिची सारी भिस्त. याचा आपल्याला पुढे उपयोग होणार आहे.

मत्स्यपेट्यांच्या दुकानांत ही गोगलगाय ‘मलेशियन ट्रम्पेट स्नेल’ या नावाने ओळखली जाते. नावावरून ती परदेशी वाटते. पण १७७४ मध्ये ओटो फ्रीड्रिख म्यूलर या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते कोरोमंडल किनाऱ्यावरच्या, म्हणजे भारतातल्याच शंखांवरून. ती भारतभर आढळते. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा यांच्या वाळूच्या उथळ काठांवर किंवा पांझरेवरच्या फड पद्धतीच्या पाटांच्या तळाशी विद्यार्थ्यांना शोधू द्या. आधी रिकामे शंख दिसतील. मग ओली वाळू चाळणीत धुतली की जिवंत गोगलगाई सापडतील.

वाळूखाली काय चालते?

पाण्याच्या तळाची वाळू वरून निर्जीव दिसते, पण तिच्या कणाकणावर जिवाणूंचे थर असतात. वरून पडणारा पाला, विष्ठा आणि उरलेले अन्न ते कुजवतात. या कामाला प्राणवायू लागतो. तो वरच्या पाण्यातून झिरपत येतो, पण त्याचा वेग फारच कमी असतो. भरपूर कचरा असलेल्या तळात वरच्या काही मिलिमीटरांतच तो संपतो.

त्याखाली प्राणवायूविना जगणारे जिवाणू असतात. ते आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज आणि लोह यांची संयुगे आणि शेवटी सल्फेट. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. लोहाशी संयोग होऊन त्याचे काळे लोह सल्फाइड बनते. जुन्या पेटीच्या वाळूत काचेलगत दिसणारे काळे डाग ते हेच.

खानदेशातल्या विद्यार्थ्यांना इथे एक शंका हमखास येईल. आपली कापसाची जमीनही काळीच आहे, मग तीही सडलेली का? याचे उत्तर प्रयोगानेच द्यावे. शेतातली काळी माती उन्हात कितीही वाळवली तरी काळीच राहते. तिचा रंग तिच्यातल्या चिकणमातीशी आणि सेंद्रिय द्रव्याशी निगडित आहे. वाळूतला काळा डाग मात्र बशीत काढून हवेत उघडा ठेवला की हळूहळू फिका पडतो, कारण लोह सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते. रंग सारखा दिसला तरी कारण निराळे असू शकते, हा धडा कोणत्याही विषयात उपयोगी पडणारा आहे.

आता गोगलगाय काय करते ते पाहू. ती वाळूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत शिरते, पुढे सरकते आणि पुन्हा वर येते. तिच्या मागे वाळू सैल होते, वरचे पाणी आत शिरते आणि आतला कुजका भाग वर येतो. शेतकरी उभ्या पिकात कोळपे चालवून वरची घट्ट झालेली माती मोकळी करतो, तसेच हे काम. जमिनीत हेच गांडूळ करते. त्यावर चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये एक संपूर्ण पुस्तक लिहिले.

वॅलिस्नेरियाही गप्प बसलेली नसते. तिच्या पानांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांत तयार झालेल्या प्राणवायूचा काही भाग या पोकळ्यांतून मुळांपर्यंत उतरतो आणि मुळांभोवतीच्या वाळूत झिरपतो. म्हणजे वाळूला प्राणवायू दोन बाजूंनी मिळतो: वरून गोगलगाईच्या उकरण्यामुळे आणि आतून मुळांमुळे.

पण ‘जितके उकरणे जास्त तितके चांगले’ असे मात्र नाही. प्राणवायू कमी असलेल्या थरात लोह आणि फॉस्फेट अधिक सुलभपणे विरघळतात आणि मुळांना मिळतात. शिवाय नुकतेच लावलेले रोप वारंवार हलले तर ते उपटून वर तरंगते. कोळपे पिकाच्या मुळाला लागले तर नुकसानच होते. म्हणून आधी रोप रुजू द्यावे आणि पंधरा दिवसांनी थोड्याच गोगलगाई सोडाव्यात.

देवाणघेवाणीचा हिशेब

गोगलगाय श्वसनातून कार्बन डायऑक्साइड आणि उत्सर्जनातून अमोनिया बाहेर टाकते. वनस्पती दिवसा हा कार्बन डायऑक्साइड वापरून प्राणवायू देते आणि अमोनियातला नायट्रोजन वाढीसाठी घेते. वर्गात हा हिशेब सहसा इथेच थांबतो. पण रात्र विसरून चालणार नाही. अंधारात प्रकाशसंश्लेषण बंद पडते आणि वनस्पती, गोगलगाय, जिवाणू असे सगळेच प्राणवायू खर्च करतात. म्हणून बरणीतला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो.

हे अप्रत्यक्षपणे मोजता येते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की पाणी आम्लतेकडे झुकते आणि वनस्पतीने तो शोषून घेतला की अल्कधर्मी होते. शाळा भरताना आणि सुटताना पीएच कागदाने वाचन घेतले तर हा चढउतार बहुधा टिपता येतो. पाणी जास्त अल्कधर्मी झाले की त्यातल्या अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून बरणीत अन्नाचा आणि प्राण्यांचा भार कमीच ठेवावा.

जळगाव-धुळ्याकडच्या अनेक विहिरी आणि कूपनलिका यांचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांना पांढरा थर बसतो. घरात हा त्रास असला तरी या जोडीला ते पाणी मानवते. शंखासाठी लागणारे कॅल्शियम त्यात आयतेच मिळते. वॅलिस्नेरिया मोकळा कार्बन डायऑक्साइड संपल्यावर बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. तसे झाले की तिच्या पानांवर चुन्याची खरखरीत पूड बसते. भांड्यावरचा थर उष्णतेने तयार होतो आणि पानावरचा प्रकाशसंश्लेषणामुळे, पण दोन्हींमागे बायकार्बोनेटचे तेच रसायन आहे.

करून पाहा

पाच लिटरच्या चार सारख्या पारदर्शक बरण्या घ्या. नदीची वाळू चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. प्रत्येक बरणीत तीन सेंटिमीटर वाळू, तिच्यावर विटेच्या चुऱ्याचा अर्धा सेंटिमीटर थर आणि त्यावर पुन्हा दोन सेंटिमीटर वाळू घाला. नळाचे पाणी असल्यास एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे क्लोरीन निघून जाईल. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवा, नाहीतर थर मोडतील.

पहिल्या बरणीत काहीच सोडू नका. दुसरीत वॅलिस्नेरियाची तीन रोपे लावा. तिसरीत फक्त सहा गोगलगाई सोडा. चौथीत तीन रोपे लावा आणि ती रुजल्यावर सहा गोगलगाई सोडा. रोप लावताना मुळे वाळूत जाऊ द्या, पण पाने जिथून फुटतात तो भाग वर राहू द्या. वॅलिस्नेरिया न मिळाल्यास हायड्रिला चालेल. नसराळ्याखाली ठेवून प्राणवायू गोळा करण्याच्या प्रयोगात ती सर्वांनी वापरलेली असते. चारही बरण्या खिडकीजवळ, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. तोंडाला मलमल बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. वाळूच्या उंचीपर्यंत बरणीभोवती काळा कागद गुंडाळा आणि निरीक्षणापुरताच तो काढा. वाळूचा वरचा भाग अंधारात राहिला म्हणजे काचेलगत शेवाळ धरणार नाही आणि गोगलगाई तिथेही उकरतील.

दहा आठवडे, दर शनिवारी पुढील नोंदी घ्या. विटेच्या चुऱ्याची रेघ कितपत सरळ राहिली? काळे डाग कोणत्या बरणीत आणि किती खोलीवर दिसले? नवी पाने किती फुटली? बाजूला फुटवे निघून नवी रोपे झाली का? गोगलगाई किती झाल्या? काचेवर शेवाळ किती धरले?

चार बरण्या कशासाठी, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. चौथ्या बरणीतली रोपे जोमाने वाढली तर श्रेय गोगलगाईचे की वाळूचे, हे दुसरीशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. तिसरीतल्या गोगलगाई वनस्पतीशिवाय कशा राहतात, हे पाहिल्याशिवाय वनस्पतीचा उपयोग सिद्ध होत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या बरणीत काहीच फरक पडला नाही, तर तोही निष्कर्षच आहे आणि तो तसाच वहीत लिहावा. स्वच्छ धुतलेल्या वाळूत कुजण्यासारखे फार काही नसते, तेव्हा उकरण्याचा फायदा न दिसणेही शक्य आहे. पुढच्या वेळी वाळूखाली थोडा पोयटा घालून हाच प्रयोग पुन्हा करता येईल.

गोगलगाय बोलते

चौथ्या बरणीत काही आठवड्यांनी तांदळाच्या कणीएवढे शंख दिसू लागतील. ही गोगलगाय पाण्यात अंडी घालत नाही. मादीच्या मानेजवळच्या पिशवीत अंडी वाढतात आणि इवला शंख असलेली पिले बाहेर येतात. नराची गरज सहसा लागत नाही, कारण बहुतेक माद्या अनिषेकजननाने प्रजा निर्माण करतात. त्यामुळे एका गोगलगाईपासूनही वसाहत उभी राहू शकते.

त्यांची संख्या अन्नावर ठरते. संख्या भराभर वाढली तर बरणीत कुजके अन्न जास्त आहे, असे समजावे आणि आधी ते कमी करावे. भर दिवसा साऱ्याच गोगलगाई वाळू सोडून पृष्ठभागाजवळ जमल्या, तर धोका ओळखावा. फक्त कल्ल्यावर जगणारा प्राणी वर पळतो, तेव्हा खाली प्राणवायू संपलेला असण्याची शक्यता मोठी. लगेच निम्मे पाणी बदलावे. मत्स्यपेटीत अशी वेळेवर सूचना मिळाली तर मासे वाचू शकतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात हे अधिक जपावे लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात २० अंशांना जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात आणि ४० अंशांना साडेसहाहूनही कमी मावतो. उलट उष्णतेत श्वसन आणि कुजणे दोन्ही वाढते. म्हणून बरणी जमिनीवर सावलीत ठेवून तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने ती चांगली थंड राहते. बरणीतले पाणी आटते, पण क्षार मागे राहतात. दर वेळी जड पाण्याचीच भर घातली तर क्षार वाढत जातात. पावसाळ्यात साठवलेले पावसाचे पाणी भर घालायला उत्तम.

मोरचूद गोगलगाईंना अत्यल्प प्रमाणातही मारक आहे. तांबे असलेली माशांची औषधे किंवा फवारणीचा पंप धुतलेली बादली बरणीपासून दूरच ठेवा.

दोन पथ्ये

पाणगोगलगाई काही परजीवी कृमींच्या मध्यस्थ पोशिंद्या असतात. गुराढोरांतल्या यकृतकृमीचा प्रसार लिम्नियामार्फत होतो, आणि मेलानॉइडिसमध्येही काही कृमींच्या अळ्या वाढतात. म्हणून सांडपाण्याच्या नाल्यातून किंवा गुरे डुंबतात त्या डबक्यातून गोगलगाई आणू नयेत. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

दुसरे पथ्य म्हणजे पेटीतले काहीही नदीत, तलावात किंवा धरणात सोडू नये. १९६० च्या दशकात हीच गोगलगाय मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेतल्या टेक्सास आणि फ्लोरिडात पोहोचली. टेक्सासच्या कोमल नदीत तिच्याबरोबर आलेला एक कृमी दुर्मिळ माशांच्या कल्ल्यांत घर करू लागला. तापीत जी पाहुणी नाही, ती तिथे उपद्रवी ठरली. उलट शोभेचे झाड म्हणून दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्या झाकल्या. प्राणी किंवा वनस्पती चांगली की वाईट, हे ती कुठे आहे यावरही ठरते. जास्त झालेल्या गोगलगाई शेजारच्या शाळेला द्याव्यात.

बरणीतून नदीकडे

या गोगलगाईला जगायला सैल वाळू आणि प्राणवायू असलेले पाणी लागते. गिरणेसारख्या नद्यांतून वाळूचा मोठा उपसा होतो. त्यामागे उघडा पडतो तो खडक किंवा चिकट गाळ. वाळू गेली की पात्रात मुरणारे पाणी कमी होते आणि काठच्या विहिरींनाही झळ पोहोचते, हे आपण सारे जाणतो. तिच्याबरोबर वाळूत राहणारे, रात्री वर येऊन नदीचा तळ साफ करणारे जीवही जातात. ते दिसत नसल्यामुळे त्यांची नोंद कोणाच्या वहीत होत नाही.

ती नोंद शाळा करू शकते. नदीकाठची एकच जागा निवडावी. दरवर्षी पावसाळा संपल्यावर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकटीतली वरची वाळू चाळावी, सापडलेले शंख जातवार मोजावेत आणि जिवंत गोगलगाई तिथेच सोडाव्यात. ज्या विद्यार्थ्यांनी बरणीत विटेची लाल रेघ पुसट होताना पाहिली आहे, त्यांना ही मोजणी कशासाठी हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.